पाउलुसला नेमकं कुणी अडवलं होतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: स्टॅलिनग्राडला जर्मन सहाव्या आर्मीभोवती रशियनांचा वेढा पडला तेव्हाच, म्हणजे नोव्हेंबर १९४२ मध्ये, तिचा सेनापती (पुढे फील्ड मार्शल) पाउलुसनं हिटलरचा आदेश मोडून बाहेर पडायला हवं होतं का? त्याला भित्रा म्हणायचं, परिस्थितीचा बळी म्हणायचं, की नंतर रशियनांना मिळालेला गद्दार?

मी सैन्यातली निम्म्याहून अधिक नोकरी स्टाफवर काढली. नकाशे, रसदीचे तक्ते, वरिष्ठांसाठी टिपणं, हेच काम. पुढे तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवला. स्टॅलिनग्राडचा विषय निघाला की मुलं आधी हिटलरवर बोलायची, मग थंडीवर, आणि पाउलुसकडे सगळ्यात शेवटी यायची. मी मात्र सुरुवातच पाउलुसपासून करायचो. हिटलरसारखा माणूस त्या वर्गातल्या कुणाच्या वाट्याला येईल न येईल, पण पाउलुसच्या जागी बसायची वेळ कुणावरही येऊ शकते.

उत्तर आधी देतो. हो, त्यानं बाहेर पडायला हवं होतं, आणि त्यासाठी २२ ते २५ नोव्हेंबर एवढेच दिवस होते. तो भित्रा नव्हता. बळीही नव्हता, बळी त्याच्या हाताखाली होते. तीस वर्षांची नोकरी त्यानं दुसऱ्याच्या निर्णयासाठी उत्तम तयारी करून देण्यात घालवली होती. निर्णय स्वतःचा करायची वेळ आली तेव्हाही तो वरून उत्तर येण्याची वाट बघत बसला.

आधी एक दुरुस्ती. बरेच जण ‘फॉन पाउलुस’ लिहितात, ते चूक आहे. फ्रिड्रिख पाउलुस सरदार घराण्यातला नव्हता. २३ सप्टेंबर १८९० रोजी हेसे प्रांतातल्या ब्राइटेनाउ गावी, हिशेबनीसाची नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी त्याचा जन्म झाला. कैसरच्या नौदलात जायचा त्याचा प्रयत्न फसला, मारबुर्गला थोडे दिवस कायदा शिकून झाला आणि १९१० मध्ये तो पायदळाच्या १११ व्या रेजिमेंटमध्ये कॅडेट म्हणून भरती झाला. दोन वर्षांनी लग्न केलं ते रुमानियातल्या उमराव घराण्यातल्या एलेना रोझेटी-सोलेस्कूशी. उंच, देखणा, कपड्यांच्या बाबतीत कमालीचा टापटिपीचा. धुळीचा तिटकारा असल्यानं हातमोजे घालून वावरणारा. सहकारी त्याला ‘लॉर्ड’ म्हणायचे. सरंजामी अधिकाऱ्यांच्या त्या जगात बाहेरून आलेल्या माणसाला नियम जास्त काटेकोरपणे पाळावे लागतात. पाउलुसनं ते आयुष्यभर पाळले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दनच्या लढाईतली कत्तल त्यानं जवळून पाहिली आणि कॅप्टन होऊन बाहेर पडला. पुढे स्टुटगार्टच्या १३ व्या रेजिमेंटमध्ये त्याच्याकडे एक कंपनी होती. तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीचा कमांडर होता एर्विन रोमेल, पुढे आफ्रिकेतल्या लढायांनी गाजलेला. दोघांची ही जोडी मला फार बोलकी वाटते. रोमेलला जनरल स्टाफमध्ये कधी स्थान मिळालं नाही, पाउलुस तिथे रमला. एका सरावानंतर त्याच्याविषयी शेरा लिहिला गेला होता की हा अधिकारी निर्णयक्षमतेत कमी पडतो. असे शेरे फायलीत राहतात आणि बढत्या होत जातात. सैन्य कुठलंही असो.

१९३४ मध्ये त्याला एक मोटार वाहतूक बटालियन मिळाली. हे लक्षात ठेवा. त्यानंतर थेट १९४२ पर्यंत त्यानं स्वतंत्रपणे ना रेजिमेंट चालवली, ना डिव्हिजन, ना कोअर. मधल्या काळात तो रणगाडा दलाच्या मुख्यालयात चीफ ऑफ स्टाफ होता, मग रणगाड्यांचा जनरल गुडेरिअन याचा, मग जनरल रायशेनाउचा. रायशेनाउ आणि तो एकमेकांना अगदी पूरक होते. रायशेनाउ दणकट, बेधडक, पक्का नाझी, मुख्यालयात बसायला कंटाळणारा. तो पुढे धावायचा आणि पाउलुस मागचं सगळं सांभाळायचा. पोलंड आणि फ्रान्सच्या मोहिमा या जोडीनं अशाच पार पाडल्या.

सप्टेंबर १९४० मध्ये पाउलुस भूदलाच्या मुख्यालयात जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याचा उपप्रमुख झाला. रशियावरच्या हल्ल्याचा आराखडा पुरा करण्याचं काम त्याच्याकडे आलं. डिसेंबरमध्ये नकाशावरचे वॉर गेम त्यानंच चालवले, आणि त्यातून दिसलं ते वाईट होतं. पूर्वेकडे जाल तसा रशिया नरसाळ्यासारखा रुंद होत जातो, म्हणजे तेवढंच सैन्य दुप्पट लांबीच्या रेषेवर पसरावं लागतं. हाताशी राखीव दल नाही, रेल्वेच्या रुळांची रुंदी वेगळी, ट्रक अपुरे. त्यानं हे सगळं मांडलं, वरच्यांनी ऐकलं, आणि योजना तशीच पुढे गेली. त्याच्या मुलानं नंतर सांगितल्याप्रमाणे, घरी आणलेले नकाशे पाहून एलेनानं हे युद्ध अन्यायाचं आहे असं त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्याचं उत्तर होतं की असे निर्णय राजकीय असतात. उत्तर चुकीचं नव्हतं, पण ते त्यानं जन्मभर वापरलं.

एप्रिल १९४१ मध्ये हाल्डरनं त्याला लिबियात पाठवलं. रोमेल ब्रिटिशांच्या ताब्यातल्या टोब्रुक बंदरावर डोकं आपटत होता आणि त्याला आवर घालू शकेल तर हा जुना सहकारीच, असं हाल्डरला वाटत होतं. (त्या वेळी टोब्रुकच्या तटबंदीत ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिशांसोबत आपली, म्हणजे भारतीय, १८ वी कॅव्हलरीही होती. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.) तिथे पाउलुसनं जे पाहिलं त्यावर त्याचा अहवाल अचूक होता: रसदीच्या पल्ल्याबाहेर गेलेलं सैन्य कितीही शूर असलं तरी त्याचा उपयोग नाही. सव्वा वर्षानं तो स्वतः त्याच अवस्थेत व्होल्गाच्या काठावर उभा होता.

डिसेंबर १९४१ मध्ये रायशेनाउ बढती मिळून आर्मी ग्रुपचा प्रमुख झाला आणि सहाव्या आर्मीसाठी त्यानं आपल्या जुन्या चीफ ऑफ स्टाफचं नाव सुचवलं. वर राहून आपण हात धरू, असा त्याचा विचार असावा. पण १७ जानेवारी १९४२ ला रायशेनाउ झटक्यानं गेला. बटालियनच्या वर काहीही न चालवलेला माणूस जर्मनीच्या सगळ्यात बलाढ्य सैन्यापैकी एकाचा सेनापती झाला, आणि त्याला आधार देणारा उरला नाही. ती जागा घेतली त्याच्या चीफ ऑफ स्टाफनं, आर्थर श्मिटनं. हेकेखोर, तीक्ष्ण जिभेचा आणि हिटलरच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस.

या सैन्याचे हात आधीच रक्तानं माखलेले होते, हे टाळून पुढे जाता येणार नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंची हत्या झाली, ती याच आर्मीच्या हद्दीत आणि तिच्या मदतीनं. ज्यूंबाबत दयामाया दाखवू नका, असा रायशेनाउचा लेखी आदेश त्यानंतरचा. पाउलुसनं सूत्रं हाती घेतल्यावर तो आदेश मागे घेतला. त्याच्या बाजूनं एवढंच सांगता येतं, आणि ते पुरेसं नाही.

मे १९४२ मध्ये खारकोव्हला रशियन मार्शल टिमोशेंकोच्या हल्ल्यानं पाउलुस आधी गडबडला. मग जर्मन जनरल क्लाइस्टचे रणगाडे दक्षिणेकडून आले, रशियन सैन्य कोंडीत सापडलं, जवळपास अडीच लाख कैदी मिळाले. पाउलुसचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं, ऑगस्टमध्ये नाइट्स क्रॉस हे मानाचं पदक मिळालं. यातून त्यानं घेतलेला धडा घातक होता: धीर सोडला नाही, वरच्यांवर विश्वास ठेवला, की शेवटी सगळं ठीक होतं.

२३ ऑगस्टला त्याचे रणगाडे स्टॅलिनग्राडच्या उत्तरेला व्होल्गाला भिडले. शहरातल्या घराघरांतल्या लढाईवर भरपूर लिहिलं गेलं आहे, ते इथे परत सांगत नाही. मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्याच्या दोन्ही बाजू रुमानियन सैन्यांवर सोडलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे रणगाड्यांना थोपवणाऱ्या धड तोफाही नव्हत्या. हा धोका त्याला दिसत होता, त्यानं वर कळवलाही होता. दुसरी गोष्ट घोड्यांची. जर्मन सैन्य यांत्रिक होतं ही समजूत आहे. त्याच्या बहुतेक तोफा घोडे ओढायचे. चाऱ्याची टंचाई म्हणून शरद ऋतूत बहुसंख्य घोडे मागे, पश्चिमेकडे पाठवून दिले गेले. कागदावर अगदी शहाणपणाचा निर्णय. वेढा पडला त्या दिवशी मात्र तोफा जिथल्या तिथे खिळल्या, कारण त्या ओढायला कुणी नव्हतं.

१९ नोव्हेंबरला उत्तरेकडून आणि २० ला दक्षिणेकडून रशियनांनी रुमानियन रेषा फोडल्या. २३ तारखेला दोन्ही जबडे स्टॅलिनग्राडच्या पश्चिमेला कालाच गावाच्या बाजूला मिटले. आत अडीच लाखांहून जास्त माणसं अडकली.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. २२ आणि २३ तारखेला पाउलुसनं हिटलरकडे कृतिस्वातंत्र्य मागितलं. त्याचे पाचही कोअर कमांडर बाहेर पडण्याच्या बाजूचे होते. २४ च्या सकाळी हिटलरचं उत्तर आलं: जागा सोडायची नाही, रसद विमानांनी येईल. हा विमानांचा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडायचो. सैन्याची अगदी किमान गरज दिवसाला ५०० टन. युंकर्स-५२ विमान साधारण दोन टन नेतं. म्हणजे रोज २५० विमानं उतरायला हवीत. उजेडाचे तास आठ धरले तर दर दोन मिनिटांना एक, हिमवादळात, आणि जड वाहतूक पेलेल असा विमानतळ एकच, पितोमनिक. वर्षाच्या सुरुवातीला डेम्यान्स्कला वेढलेल्या एक लाख सैन्याला विमानांनी जगवलं होतं, तो दाखला हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग देत होता. पण तिथे गरज ३०० टनांची होती आणि समोर रशियन हवाई दल दुबळं होतं. फीबिग आणि रिश्टहोफेन या हवाई दलाच्याच जनरलांनी हे जमणार नाही असं पहिल्या दोन-तीन दिवसांतच स्पष्ट सांगितलं होतं. प्रत्यक्षात रोज सरासरी शंभर टनांच्या थोडं वर गेलं, तेही जवळपास ५०० विमानं गमावून.

हा हिशेब पाउलुसला येत नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. रसदीचा हिशेब हाच त्याचा प्रांत होता.

२५ तारखेला कोअर कमांडर सायडलिट्झनं त्याला लेखी टिपण दिलं: वरून परवानगी येत नसेल तर जर्मन जनतेपुढची जबाबदारी ओळखून स्वतः निर्णय घ्या. श्मिटनं ते उडवून लावलं, पाउलुस गप्प राहिला. सायडलिट्झलाही सगळं श्रेय देऊ नका. बाहेर पडायला भाग पाडावं म्हणून त्यानं परस्पर आपली फळी मागे घेतली होती आणि त्यात ९४ वी डिव्हिजन उघड्यावर सापडून मोडून पडली. त्याच सुमारास हिटलरनं वेढ्यातल्या उत्तरेकडच्या भागाची स्वतंत्र जबाबदारी त्याच्याकडेच दिली. तो संदेश पाउलुस स्वतः घेऊन गेला आणि म्हणाला, आता तुम्हाला मोकळीक आहे. सायडलिट्झ हलला नाही. हा प्रसंग मी विसरू शकत नाही. दोघांनाही कळत होतं, आणि पहिलं पाऊल दुसऱ्यानं टाकावं अशी दोघांचीही इच्छा होती.

बाहेर पडता आलं असतं का? माझा अंदाज असा: पहिल्या चार-पाच दिवसांत, जड तोफा आणि बरेच जखमी मागे टाकून, मोठा हिस्सा निघू शकला असता. नुकसान भयंकर झालं असतं. पण निदान काही डिव्हिजन वाचल्या असत्या.

डिसेंबरमध्ये दुसरी संधी आली असं बरेच जण मानतात. मी तिला निम्मीच संधी म्हणेन. त्या भागातल्या आर्मी ग्रुपचा प्रमुख मानश्टाइन यानं १२ डिसेंबरला वेढा फोडायला जनरल होथचे रणगाडे सोडले, ते १९ ला मिश्कोवा नदीपर्यंत पोचले. मधे पन्नासेक किलोमीटर अंतर. पाउलुसच्या रणगाड्यांत इंधन तीसेक किलोमीटरचं. मानश्टाइननं आपला एक मेजर विमानानं आत पाठवला, पण बाहेर पडण्याचा आदेश स्वतःच्या सहीनं दिला नाही; सगळं पाउलुसवर सोडलं. पाउलुस म्हणाला, हिटलरची मंजुरी हवी. २३ तारखेला होथचे रणगाडे मागे फिरले. युद्धानंतर मानश्टाइननं दोष पाउलुसवर टाकला. तो तितकाच मानश्टाइनचाही होता, असं माझं ठाम मत आहे.

जानेवारीबद्दल मात्र मी पाउलुसला अजिबात सवलत देत नाही. ८ जानेवारीला रशियनांनी शरणागतीच्या अटी पाठवल्या: अन्न, औषधोपचार, युद्ध संपल्यावर घरी. आता बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता; प्रश्न होता मरणं थांबवण्याचा. त्यानं नकार दिला. दहा तारखेला सात हजार तोफांचा भडिमार सुरू झाला. १६ ला पितोमनिक गेलं, मग गुमराकचा विमानतळ. सैनिकांना मिळणारा पाव मुठीत मावेल एवढा उरला. वेढ्याच्या आत वोरोपोनोवो आणि गुमराकला रशियन युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या, त्यांचं अन्न तर आधीच तुटलं होतं. तिथे माणसांनी मेलेल्या माणसांचं मांस खाल्लं. तेही पाउलुसच्याच ताब्यातले कैदी होते. २२ जानेवारीला त्यानं शरण जायची परवानगी मागितली. नकार आला आणि त्यानं तो मानला. २९ ला, हिटलरच्या सत्तेला दहा वर्षं पुरी होणार म्हणून, पाउलुसच्या नावानं हिटलरला अभिनंदनाची तारही गेली.

३० च्या रात्री हिटलरनं त्याला फील्ड मार्शल केलं. अर्थ उघड होता: जर्मन फील्ड मार्शल जिवंत पकडला जात नाही. ३१ च्या सकाळी शहरातल्या उनिवेरमाग दुकानाच्या तळघरात तो पकडला गेला. बोलणी श्मिट आणि जनरल रोस्के करत होते, पाउलुस शेजारच्या खोलीत होता. उत्तरेकडे जनरल श्ट्रेकरची तुकडी अजून लढत होती. तिला थांबायला सांगा, असं रशियनांनी सुचवलं तेव्हा त्यानं ते नाकारलं. ते आता माझ्या हुकमाखाली नाहीत, असं म्हणाला. तिथे आणखी दोन दिवस माणसं मेली. त्यानं आत्महत्या केली नाही यावर हिटलर संतापला, आणि आजही काही लोक त्यालाच भित्रेपणा म्हणतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही. वावगं होतं ते त्या दोन दिवसांत.

सुमारे ९१,००० जण कैदी झाले. टायफस आणि उपासमारीनं बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच गेले. घरी परतले पाच-सहा हजार, शेवटचे १९५५ मध्ये.

आता गद्दारीचा आरोप. सायडलिट्झनं सप्टेंबर १९४३ मध्ये कैदेत जर्मन अधिकाऱ्यांची हिटलरविरोधी संघटना काढली, तेव्हा पाउलुस तिच्या विरोधात होता. तो बदलला ऑगस्ट १९४४ मध्ये. हिटलरला मारण्याचा २० जुलैचा कट फसला आणि ८ ऑगस्टला त्यात सामील असलेल्या फील्ड मार्शल विट्झलेबेनला बर्लिनमध्ये फासावर दिलं गेलं. त्याच दिवशी पाउलुसनं रेडिओवरून जर्मनांना हिटलरला दूर करण्याचं आवाहन केलं. किंमत घरच्यांनी मोजली. एक मुलगा त्या वर्षाच्या सुरुवातीलाच इटलीत अँझिओला पडला होता. दुसऱ्याला आणि एलेनाला अटक झाली. नवऱ्याचं नाव टाक, असं तिला सांगण्यात आलं. तिनं नकार दिला. मी याला गद्दारी म्हणणार नाही. दोन वर्षं उशिरा घेतलेला योग्य निर्णय म्हणेन, आणि तोसुद्धा त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी आधी पाऊल टाकल्यावरच.

११ फेब्रुवारी १९४६ ला न्यूरेंबर्गच्या न्यायालयात रशियनांनी त्याची लेखी साक्ष वाचायला घेतली. बचावाच्या वकिलांनी आक्षेप घेतला, आणि रशियनांनी त्यालाच आत आणून उभं केलं. रशियावरचा हल्ला कसा आखला हे त्यानं तारीखवार सांगितलं, ३ सप्टेंबर १९४० ला आपण कामावर रुजू झालो तिथपासून. तिथे आरोपी असलेल्या कायटेल, योडल, गोअरिंग या हिटलरच्या माणसांची नावं घेतली. समोरून प्रश्न आला तो स्वाभाविक होता: आणि तुम्ही? तो आरोपी नव्हता, साक्षीदार होता. तो आराखडा मात्र त्याच्याच टेबलावर पुरा झाला होता.

एलेना १९४९ मध्ये बाडेन-बाडेनला वारली. १९४२ नंतर दोघांची भेट झाली नाही. पाउलुसला १९५३ मध्ये सोडलं, ते पूर्व जर्मनीत. ड्रेस्डेनमध्ये टेकडीवरचं घर, युद्धेतिहासाच्या संस्थेत काम, आणि मागे गुप्त पोलिसांची नजर. तिथे तो पोलीस अधिकाऱ्यांसमोर स्टॅलिनग्राडवर व्याख्यानं द्यायचा आणि आपली बाजू लिहून काढायचा: दक्षिण आघाडी कोसळू नये म्हणून सहाव्या आर्मीनं रशियनांना गुंतवून ठेवणं भाग होतं. या म्हणण्यात जानेवारीपुरतं थोडं तथ्य आहे. कॉकेशसमधून जर्मन सैन्य मागे यायला तो वेळ उपयोगी पडला. पण २४ नोव्हेंबरला तो हे कारण देत नव्हता. तेव्हा त्याच्या हातात फक्त हिटलरची तार होती.

पुढे स्नायू निकामी करत जाणारा मज्जासंस्थेचा आजार त्याला जडला. १ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला. स्टॅलिनग्राडच्या शेवटच्या शरणागतीला दुसऱ्या दिवशी १४ वर्षं पुरी होणार होती. त्याच्या अस्थी पश्चिमेला बाडेन-बाडेनला नेऊन एलेनाशेजारी ठेवल्या आहेत.